बरं का, चटणी

परीक्षित नेमकं करतो काय, हा वीणाआत्याचा प्रश्न होता, आणि बोधनकरांच्या घरात त्याचं धड उत्तर कुणाकडेच नव्हतं. नागपूरहून दर रविवारी फोन करून ती विचारायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे परीक्षितचा बाप श्रीरंग, म्हणायचा, "कॉलेजच्या पोरांना बेसबॉल शिकवतो." भावजय सुनेत्रा म्हणायची, "फार काम असतं हो वन्सं त्याला." भाची चैत्राली म्हणायची, "आत्या, ते जरा कॉम्प्लिकेटेड आहे." जिची सगळी नोकरी कॉलेजातल्या पोरांना बेडूक फाडून आतलं दाखवण्यात गेली, तिचं अशा उत्तरांनी काय समाधान होणार? तेव्हा या एप्रिलमध्ये वेस्ट विंडसरला भावाच्या घरी पोचल्या पोचल्या तिने जाहीर केलं, "मला नायगारा नको, न्यूयॉर्क नको. मला परीक्षितची नोकरी दाखवा."

म्हणून शनिवारी सकाळी श्रीरंगची गाडी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांकडे निघाली. आत्या सोडली तर गाडीत कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं.

"त्यांचे हेड कोच डोनेली आता रिटायर होणार आहेत," चैत्राली मागच्या सीटवर आत्याला समजावत होती. भावाच्या बाजूने बोलायचं काम लहानपणापासून तिच्याचकडे होतं; आजही एडिसनहून ती त्यासाठीच आली होती. "त्यांच्या हिपचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे आज सगळी टीम परीक्षितच्या हातात आहे. एकापाठोपाठ दोन गेम्स. आणि कॉलेजची ॲथलेटिक डायरेक्टर, मिसेस हॅलोरन, बघायला बसणार आहे. परीक्षितला हेड कोच करायचं की ओहायोतून कुणाला आणायचं, हे तीच ठरवणार."

"आणि नाही केलं तर?"

"तर नवीन माणूस येताना आपली माणसं घेऊन येतो. परीक्षितसारखा असिस्टंट कोच पहिला जातो, आत्या. मग पुन्हा नवीन गाव."

नवीन गावं सुनेत्राला पाठ होती. ओहायो, मग आयोवा, मग हे. प्रत्येक ठिकाणी तिने स्वतः जाऊन मिसळणाचा डबा लावून दिला होता आणि परत येताना गाडीत रडली होती.

श्रीरंग औषधांच्या संशोधनातून निवृत्त झालेला माणूस. त्याच्या बोलण्याला आधी प्रस्तावना असायची, मग प्रस्तावनेला तळटीपा, आणि सगळ्यात शेवटी "बरं का" म्हणून खरा मुद्दा. घरातल्यांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की आधीचं सोडून दिलं तरी कुणाचं काही अडत नसे.

"या रस्त्याला ट्रक फार झालेत," तो म्हणाला. "पूर्वी त्याला स्टेट कॉलेजला सोडायला यायचो तेव्हा एवढे नव्हते. चार पोरं एका अपार्टमेंटमध्ये, सगळ्यांत मिळून एक कुकर. डिपार्टमेंट मात्र स्टॅटिस्टिक्समधलं एकदम उत्तम. बरं का, मी त्यांना मेल केली होती. सोडलेली पीएचडी पुन्हा सुरू करता येते म्हणतात."

"बाबा! त्याला न विचारता?"

"चौकशी करायला काय हरकत आहे?"

"अहो, निदान आज तरी राहू द्या ना," सुनेत्रा म्हणाली. पण ती फार जोर देऊन म्हणाली नाही. परीक्षित जिंकायला हवा होता, आणि तो घराजवळ यायलाही हवा होता. दोन्ही एकदम कसं होणार, हे तिला सुचत नव्हतं.

*

मैदान डोंगराच्या कुशीत होतं. तारेच्या कुंपणाला लागून लोखंडी बाकं होती. चैत्रालीने तिसऱ्या बेसच्या मागची पहिली रांग पकडली, कारण बॅटिंग चालू असताना परीक्षित तिथेच उभा राहतो. तो आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांपर्यंत लाल माती होती. कुंपणातून बोटं घालून आत्याने त्याचा गाल धरला.

"सांग आता. सकाळी उठून काय करतोस?"

"सकाळी? सकाळी माती ओढतो, आत्या."

"म्हणजे?"

"या मैदानाची माती दंताळं ओढून मीच सपाट केलीय. मग पोरांचे युनिफॉर्म ड्रायरमधून काढले. मग समोरच्या टीमच्या पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, व्हिडिओ बघितले. तो फास्ट बॉल टाकणार असेल तर ग्लोव्ह थोडा उघडतो, हे शोधायला दोन रात्री गेल्या."

"आणि उन्हाळ्यात सुट्टी?"

"उन्हाळ्यात तर जास्त काम. गावोगावी हायस्कूलच्या मॅचेस बघत हिंडायचं. एखादा पोरगा आवडला की त्याच्या आईला फोन. बापाला नाही, आईला. पोरगं जेवतं का, रूममेट कसा आहे, सगळं तीच विचारते. माझा निम्मा जॉब आयांशी बोलण्याचा आहे."

आत्याचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. सुनेत्राला मात्र कुठेतरी टोचलं. परक्या आयांना हा इतके फोन करतो, आणि आपल्याला "आई, नंतर बोलतो" असा मेसेज येतो.

श्रीरंगने फक्त विचारलं, "झोप होते का?"

"होते, बाबा," परीक्षित म्हणाला आणि गेला.

गेम सुरू झाला. परीक्षित तिसऱ्या बेसजवळ उभा राहून नाकाला, कानाला, टोपीला, पट्ट्याला हात लावायला लागला.

"याला काय चावतंय?" आत्याने विचारलं.

"खुणा आहेत त्या. कोणी पळायचं, कोणी थांबायचं."

तेवढ्यात परीक्षित ओरडला. चांगला घसा ताणून, खणखणीत मराठीत. "पोळी! भात! ताक! बरं का, आमटी!"

पहिल्या बेसवरचं सोनेरी केसांचं पोरगं सुसाट सुटलं आणि धुरळा उडवत दुसऱ्या बेसवर घसरत पोचलं.

बोधनकर एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्यांदा हसली ती आत्या, आणि तिला ते आवरेना.

"हाताच्या खुणा समोरचे व्हिडिओ काढून ओळखतात," चैत्रालीने सांगितलं. तिला हे आधीपासून माहीत होतं, हे सुनेत्राच्या लक्षात आलं. "म्हणून त्याने शब्द आणले. पोरांना अर्थ नाही कळत, नुसते आवाज पाठ आहेत. आणि आधीचे सगळे शब्द खोटे. 'बरं का'च्या पुढचा तेवढा खरा."

सुनेत्राला जेवणाच्या टेबलावरचा परीक्षित आठवला. नवरा बोलतोय, बोलतोय, पोरगा ताटात बोटाने रेघोट्या मारतोय, आणि "बरं का" आलं की मान वर. तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे माझी टिंगल करतो का इथे, पोरांसमोर?"

"टिंगल कसली, बाबा. मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, मला आयुष्यात ज्या शब्दाला हमखास कान टवकारायची सवय आहे, तोच मी पोरांना दिला."

श्रीरंगने चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला. त्यानंतर परीक्षित ओरडला की तो मान वर करायचा.

आत्याने दरम्यान संशोधन चालू केलं होतं. "आमटी म्हणजे पळ. ताक म्हणजे थांब, चेंडू बघू दे. भात म्हणजे काय ते अजून नक्की नाही. चैत्राली, चटणी एकदाही आली नाही ग."

"चटणी क्वचितच येते. तिसऱ्या बेसवर आपला माणूस असेल तर. चेंडू टाकायच्या आतच तो डोळे मिटून होमकडे, म्हणजे बॅटिंगच्या जागेकडे, धावत सुटतो, तिथे पोचला की रन, आणि बॅटिंग करणारा नुसती बॅट आडवी धरून चेंडू टेकवतो. दोघांना एकाच वेळी कळायला हवं. एकाने ऐकलं आणि दुसऱ्याने नाही, तर धावणारा फुकट मेला."

*

शेवटचा डाव आला तेव्हा परीक्षितची टीम एका रनने मागे होती. तिसऱ्या बेसवर मेसन नावाचं पोरगं होतं आणि बॅटिंगला टीमचा सगळ्यात चांगला बॅट्समन. इथे करायचं काय, याबद्दल परीक्षितच्या मनात काडीची शंका नव्हती. काहीही करायचं नाही. पोराला मारू द्यायचं. तो ओरडला, "भात, आमटी, बरं का, ताक," आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. पिचरने ग्लोव्ह छातीशी आणला. सगळं मैदान चिडीचूप झालं.

श्रीरंगला शुगर आहे, आणि जेवायची वेळ टळून गेली होती. सुनेत्राने डबा उघडून दशमी त्याच्या हातात दिली होती. आत्याने नागपूरहून कस्टम्सला तोंड देत आणलेली जवसाची चटणी मात्र पिशवीतच राहिली होती. श्रीरंगने घास तोडला. ताण आला की तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलतो, हेही घरच्यांना ठाऊक होतं.

"अगं, दशमी कोरडी लागते नुसती. मघाशी पाणीही थोडंच होतं," तो म्हणाला. "बरं का, चटणी!"

परीक्षितने स्वतःचा आवाज स्वतःच्या पाठीमागून ऐकला. तोच चढ, तोच उतार, "का"वर तोच झटका. एक क्षण त्याला वाटलं की आपणच बोललो. मग त्याला मेसनची पाठ दिसली. पोरगं शिकवल्याबरहुकूम डोळे मिटून होमकडे धावत होतं. बॅट्समनपर्यंत तो आवाज पोचलाच नव्हता; तो बॅट खांद्यावर ठेवून मेसनकडे आ वासून बघत राहिला. बॅट्समनच्या मागे बसलेल्या कॅचरला फारसं काही करावंच लागलं नाही. त्याने चेंडू पकडला आणि वाट बघत उभा राहिला. मेसन बाद झाला. पुढच्याच चेंडूवर तो चांगला बॅट्समनही बिथरून झेल देऊन बसला, आणि गेम संपला.

मेसन हेल्मेट काढत आला. त्याचे ओठ थरथरत होते. "कोच, तुम्ही चटनी म्हणालात. मी ऐकलं."

परीक्षितने एकदा कुंपणाकडे पाहिलं. बापाच्या हातात अर्धी दशमी तशीच होती. तोंड उघडं होतं.

"बरोबर ऐकलंस," तो म्हणाला.

मिसेस हॅलोरन खाली उतरून आली. उंच, शांत बाई. "तुझा सगळ्यात चांगला हिटर उभा असताना हे? कुणी ठरवलं?"

"मी."

"पोराची चूक?"

"अजिबात नाही. निर्णय माझा होता."

ती वळली आणि पायऱ्यांकडे निघाली. ही नोकरी त्याला हवी होती, कुणाला सांगितलं नव्हतं इतकी हवी होती, आणि ती आत्ता त्याच्या डोळ्यांसमोरून चालत निघाली होती.

*

बाकावर निराळंच युद्ध पेटलं होतं.

"इतकी वर्षं त्याच्या एकाही मॅचला आला नाहीत," सुनेत्राचा आवाज चिरकला. "आलात ते पोराची नोकरी घालवायला!" ती माणसांत कधी आवाज चढवत नसे. आज तिला कुणाची पर्वा नव्हती.

"आई, मुद्दाम केलं का त्यांनी?" ही चैत्राली. बापाच्या बाजूने बोलल्याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. पण श्रीरंगचा चेहराच तसा झाला होता. "चटणी मागितली फक्त."

"चटणी मी आणली," आत्या म्हणाली. "तेव्हा माझाही थोडा वाटा धरा."

श्रीरंग उठला. दशमी त्याने रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली, हे त्याला स्वतःलाही कळलं नाही. तो पायऱ्या चढून सरळ मिसेस हॅलोरनसमोर जाऊन उभा राहिला. इंग्रजीत त्याने अर्धं आयुष्य भाषणं दिली होती, पण आज पहिलं वाक्य जुळेना.

"मी परीक्षितचे वडील. तुम्हाला एक सांगायचं आहे. तो जो खेळाडू धावला, तो..."

तिने हात वर केला. "एक मिनिट. कोचने मला सांगितलंय की निर्णय त्याचा होता. तुम्ही आता काही वेगळं सांगणार असाल, तर माझ्यासमोर दोन माणसं असतील आणि दोन गोष्टी. म्हणून विचार करून बोला."

श्रीरंग विचार करू लागला. खरं सांगावं तर मुलगा खोटा पडतो. गप्प बसावं तर मुलगा मूर्ख ठरतो. प्रयोगाचा आकडा आवडो न आवडो, जसा आला तसा लिहायचा, हे त्याने परीक्षितला शिकवलं होतं. आणि परीक्षितने मात्र एका पोराच्या थरथरणाऱ्या ओठांसाठी ते बाजूला ठेवलं होतं. आपण त्याच्या जागी काय केलं असतं? कारणं दिली असती, श्रीरंगला वाटलं. सगळी खरी असती, आणि त्यांना तळटीपाही असत्या.

"हो," तो म्हणाला. "निर्णय त्याचाच होता. तो स्वतःचे निर्णय स्वतः घेतो."

"असं दिसतं खरं," मिसेस हॅलोरन म्हणाली.

तो खाली आला तेव्हा परीक्षित कुंपणापाशी उभा राहून डब्यातली दशमी खात होता.

"काय बोललात तिच्याशी?"

"काही नाही. तू म्हणालास तेच."

परीक्षितने चावणं थांबवलं. वडील आपल्यासाठी खोटं बोलले, हे त्याच्या गळी उतरायला दशमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"परीक्षित, मी अजून एक केलंय. तुझ्या डिपार्टमेंटला मेल..."

"माहितीये, बाबा. त्यांनी मला सीसी केलं होतं." त्याला हसू आलं, मग श्रीरंगलाही आलं, कसंनुसं. "मी त्यांना नाही म्हणून कळवलं. तुम्हाला सांगायचा धीर नाही झाला."

"माझ्यामुळे आज..."

"ते राहू द्या. एक काम कराल? पुढच्या गेममध्ये तुम्ही सगळे इंग्लिशमध्ये बोला."

सुनेत्राच्या हातातला डबा पडायचा राहिला. घरात मराठीतच बोलायचं, हा नियम तिने या दोन मुलांवर इतकी वर्षं लादला होता. इंग्लिशमध्ये मागितलेलं दूध तिने कधी दिलं नव्हतं.

"आत्यासुद्धा?" चैत्रालीने विचारलं.

"आत्या तर पहिली."

*

दुसरा गेम बोधनकरांनी इंग्रजीत पाहिला. "धिस बॉय इज व्हेरी फॅट बट रनिंग नाइस," आत्या म्हणाली. "वन्सं, प्लीज स्लोली," सुनेत्रा म्हणाली. श्रीरंग काहीच म्हणाला नाही. त्याने तोंडावर रुमाल धरला होता, आणि आपला नवरा इतका वेळ गप्प बसलेला सुनेत्राने लग्नानंतर प्रथमच पाहिला. मध्येच तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचा राग अजून गेला नव्हता, पण हात तिने काढला नाही.

शेवटच्या डावात दोन्ही टीम बरोबरीत होत्या, आणि तिसऱ्या बेसवर पुन्हा मेसन. बॅटिंगला या वेळी एक काटकुळं पोरगं होतं. परीक्षितने आधी मेसनकडे पाहिलं. तो घाबरलेला होता, बेसपासून दोन पावलंही पुढे सरकत नव्हता. परीक्षित त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलून परत आला.

मग तो ओरडला. "पोळी! आमटी! भात! बरं का..."

श्रीरंगने रुमाल तोंडावर आणखी दाबला.

"चटणी!"

समोरच्या टीमला काही कळलं नाही, प्रेक्षकांना कळलं नाही. त्या सगळ्या मैदानात परीक्षित आणि त्याची पोरं सोडली तर चार माणसांना कळलं, आणि त्या चौघांनी एकमेकांचे हात इतके घट्ट धरले की आत्याची बांगडी वाकली. मघाचा तो निर्णय माझा होता, असं परीक्षित म्हणाला होता. आता त्याने तो खरोखरच आपला करून टाकला, हे श्रीरंगला लख्ख समजलं. हे फसलं तर त्याच्याकडे कारण उरणार नव्हतं. ही हिंमत याच्यात कुठून आली? आपल्याकडून तर नक्कीच नाही.

मेसन धावला. काटकुळ्या पोराने बॅट आडवी धरली, चेंडू तिच्यावर टेकून पुढच्या गवतात मेल्यासारखा पडला. धुरळा उडाला. अंपायरने दोन्ही हात पसरले.

"पोचला! पोचला रे बाबा!" आत्या मराठीत किंचाळली, आणि आता कुणी तिला अडवलं नाही. पोरं मेसनवर ढीग करून पडली होती. परीक्षित मात्र तिसऱ्या बेसजवळ कोचसाठी आखलेल्या चौकोनातच उभा होता, हात कमरेवर, मान खाली. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय हे फक्त सुनेत्राला कळलं, कारण लहानपणीही तो असाच पाठ करून रडायचा.

मिसेस हॅलोरन कुंपणाच्या दारातून आत गेली. तिने परीक्षितशी हात मिळवला आणि बाकांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोमवारी ऑफिसमध्ये ये. आणि येताना तुला असिस्टंट कोण हवाय, त्याचं नाव घेऊन ये."

आत्याने श्रीरंगची बाही ओढली. तिचा चेहरा पडला होता. "असिस्टंट म्हणाली ना ती? मी नीट ऐकलं. इतकं करूनही अजून असिस्टंटच?"

श्रीरंगने रुमाल तोंडावरून काढला, डोळ्यांना लावला, आणि दशमीचे तुकडे त्याच्या मांडीवर सांडले.

"नाही ग ताई," तो म्हणाला. "आता असिस्टंट त्याला लागणार आहे."

सुनेत्राने ते ऐकलं होतं. तरी त्याने तिला पुन्हा सांगितलं, आणि मग चैत्रालीलाही.